लेड झेपलिन 'सेलिब्रेशन डे' ब्ल्यू-रे: रुमाल जवळ ठेवा

सरळ सांगतो, फक्त चित्र आणि आवाज बघून डिस्क घेणाऱ्यातले असाल तर घेऊन टाका, पुढचं वाचू नका. पुढचं आहे ते ज्यांना असा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी की साठीच्या आसपासची तीन माणसं आणि एक चाळिशीतला ड्रमर दोन तास जुनी गाणी वाजवतात, त्यात एवढं रडण्यासारखं काय आहे बुवा. आमच्या हॉलमध्ये हा प्रश्न बायकोने विचारला, हळूच, माझ्या कानात, कारण माझा मामा सोफ्यावर चष्मा काढून डोळे पुसत बसला होता आणि चालू होतं पहिलंच गाणं. अजून पंधरा बाकी.

आधी वस्तू काय आहे ते. 'सेलिब्रेशन डे' म्हणजे लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडने १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओ-टू अरीनात केलेला शो, सोळा गाणी, दोन तासांच्या किंचित वर. शूटिंग २००७ चं, पण डिस्क आली २०१२ च्या नोव्हेंबरात, त्याच्या महिनाभर आधी थिएटरात दाखवलं होतं. मधली पाच वर्षं जगभरचे फॅन्स मोबाईलवर काढलेले हलते, फाटक्या आवाजाचे तुकडे यूट्यूबवर शोधून शोधून बघत होते. डायरेक्टर डिक कॅरुथर्स, मिक्सिंग ॲलन मोल्डरचं. गिटारवर जिमी पेज, गायला रॉबर्ट प्लांट, बेस आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स, आणि ड्रम्सवर जेसन बोनहॅम म्हणजे मूळ ड्रमर जॉन बोनहॅमचा मुलगा. सगळी गोम या चौथ्या नावात आहे.

जॉन बोनहॅम २५ सप्टेंबर १९८० ला गेला, वय फक्त ३२. डिसेंबरात बँडने जाहीर करून टाकलं की झालं, आता पुढे नाही. दुसरा ड्रमर घेऊन चालू ठेवता आलं असतं, 'द हू' बँडचा ड्रमर कीथ मून १९७८ मध्ये गेला तेव्हा त्यांनी तसंच केलं होतं, पण यांनी नाही केलं. जेसन तेव्हा चौदा वर्षांचा. आणि ओ-टूच्या स्टेजवर तो बसलाय तेव्हा त्याचं वय ४१, म्हणजे बाप जेवढा जगला त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. हे गणित मी बघता बघता मनात केलं आणि मग पुढचं अर्धं गाणं काही ऐकूच आलं नाही.

आता लोक रडतात ते का, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे नॉस्टॅल्जिया. कॉलेजचे दिवस, कॅसेट, पहिलं प्रेम वगैरे. मला ते अर्धवट वाटतं. नॉस्टॅल्जिया तर कुठल्याही हॉटेलात कव्हर बँडने जुनं गाणं वाजवलं तरी होतो, त्याला कोणी चष्मा काढत नाही. या शोची गंमत अशी आहे की बघणारा प्रत्येक जुना फॅन आतून घाबरलेला होता. आणि घाबरायला सॉलिड कारण होतं.

कारण एक, १३ जुलै १९८५, लाइव्ह एड हा दुष्काळग्रस्तांसाठीचा मोठा कार्यक्रम, फिलाडेल्फिया. पाच वर्षांनी तिघं पहिल्यांदा एकत्र, सगळं जग टीव्हीसमोर, आणि जे काय वाजलं ते त्यांनाही ऐकवेना. पेजची गिटार बेसूर, प्लांटचा आवाज बसलेला, ड्रमला टोनी थॉम्पसन आणि सोबतीला फिल कॉलिन्स, जो त्याच दिवशी लंडनमध्ये गाऊन कॉन्कॉर्डने उडत फिलाडेल्फियाला पोचला होता, मग प्रॅक्टिस कधी करणार? पुढे लाइव्ह एडची डीव्हीडी निघाली तेव्हा यांनी आपला भाग त्यात घालूच दिला नाही. कारण दोन, १४ मे १९८८, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, झेपलिनची रेकॉर्ड कंपनी अटलांटिक रेकॉर्ड्स, तिची चाळिशी. तेव्हा ड्रमला जेसनच होता, पण पेजचा हात चालेना, आणि 'स्टेअरवे टू हेवन' हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणायचं की नाही यावरून प्लांट आणि पेजचं ऐन वेळेपर्यंत वाजलेलं. मग १९९४ ला पेज आणि प्लांट दोघं एकत्र आले तर जोन्सला बोलावलंच नाही, आणि त्याचा टोमणा जोन्सने पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या स्टेजवरून सगळ्यांदेखत मारला, की माझा फोन नंबर शेवटी आठवला म्हणून मित्रांचे आभार.

म्हणजे बघा, फॅन म्हणून तुमच्या खात्यात काय जमा आहे? दोन फसलेले प्रयोग आणि एक रुसवा. आणि आता हे लोक सत्तावीस वर्षांनी पूर्ण लांबीचा शो करणार म्हणतायत.

निमित्त अहमेत एर्टेगनचं. हा मूळचा तुर्की माणूस, अटलांटिक रेकॉर्ड्सच्या संस्थापकांपैकी एक, १९६८ मध्ये झेपलिनला करारबद्ध केलं ते याच्या कंपनीने. २००६ मध्ये न्यूयॉर्कला रोलिंग स्टोन्सच्या शोच्या वेळी बॅकस्टेजला पडला, त्यातून उठलाच नाही, डिसेंबरात गेला. त्याच्या नावाने शिष्यवृत्तीचा फंड काढायचा म्हणून हा कार्यक्रम. तिकीट १२५ पाउंड, आणि तेही सोडत पद्धतीने, कारण मागण्या आल्या दोन कोटी आणि जागा वीस हजारांच्या आतबाहेर. गिनीज बुकात नोंद आहे त्याची. बीबीसीच्या धर्मादाय लिलावात दोन तिकिटांचे कोणीतरी ८३,००० पाउंड मोजले. वेडेपणा आहे, पण मामा म्हणाला, "असते तर मीही दिले असते", आणि हा माणूस रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालतो.

त्यात मूळ तारीख होती २६ नोव्हेंबर, आणि शोच्या आधी पेजच्या डाव्या हाताचं बोट मोडलं. डावा हात, म्हणजे तारा दाबायचा! शो दोन आठवडे पुढे. त्या दोन आठवड्यांत फॅन लोकांची काय हालत झाली असेल याची कल्पना करा. डिस्कवर पेजच्या बोटांचे क्लोजअप पुष्कळ आहेत आणि मी दर वेळी त्या करंगळीकडे बघतो, काही कारण नसताना.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मग प्ले दाबा.

सुरुवातीला अंधारात एक जुनी टीव्हीची बातमी, १९७३ ची, फ्लोरिडातल्या टॅम्पाची, बीटल्सच्या गर्दीचा विक्रम यांनी मोडला त्याबद्दलची. आणि मग लगेच 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'. हे गाणं पहिलं का? एक तर त्यांच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या गाण्यातला बेस ड्रमचा तुकडा. जॉन बोनहॅमने एकाच पेडलवर, एकाच पायाने, अशी काही तिहेरी ठोक्यांची पळापळ केली होती की तेव्हाच्या ड्रमर लोकांना वाटलं दोन बेस ड्रम असणार. बोनहॅम हे नाव झालं ते या गाण्यापासून. म्हणजे शोच्या पहिल्या मिनिटात, अंगात गरमी यायच्या आधी, मुलाला बापाचा सगळ्यात अवघड पेपर सोडवायला दिलाय. आणि तो सोडवतो. नुसता सोडवत नाही, वर कोरसही गातो. आपल्याकडे वडिलांच्या जागी मुलगा तबल्याला बसतो आणि समोर वडिलांचेच जुने साथीदार असतात तेव्हा पहिली तिहाई समेवर पडेपर्यंत सगळी बैठक श्वास धरून असते ना, तसं आहे ते. समेवर आला की जो "हा!" निघतो तोच मामाच्या डोळ्यांतून निघाला.

म्हणून माझं म्हणणं असं की हे रडू आठवणींचं नाही, सुटकेचं आहे. दोनदा तोंडावर आपटलेली माणसं तिसऱ्यांदा उभी राहिली, आणि नीट उभी राहिली.

आणि नीट म्हणजे योगायोगाने नाही. १९८५ ला तयारीच नव्हती, २००७ ला यांनी कित्येक आठवडे बंद दाराआड तालीम केली. डिलक्स पॅकमध्ये शेपर्टन स्टुडिओतल्या तालमीची वेगळी डीव्हीडी येते ती जरूर बघा. प्रेक्षक नाहीत, लाइटचा भपका नाही, चार माणसं रिकाम्या जागेत उभी राहून तीच गाणी त्याच क्रमाने वाजवतायत, ऑफिसात आल्यासारखी. मला ती जवळजवळ मूळ शोइतकीच आवडते. बायको म्हणाली हे तर बोअर आहे. असेल.

परत शोवर येतो. 'रॅम्बल ऑन', 'ब्लॅक डॉग' इथपर्यंत सगळे अजून थोडे जपून आहेत, ते कळतं. पेज गॉगल आणि काळा कोट घालून आलाय, केस पांढरेशुभ्र, आणि चेहरा असा की कॉलेजच्या तोंडी परीक्षेला आलाय. मग येतं 'इन माय टाइम ऑफ डाइंग', स्लाइड गिटारवालं, अकरा मिनिटांचं गाणं, आणि त्याच्या मध्यात कुठेतरी हे चौघं घाबरायचं विसरतात. मला ती जागा सेकंदावर दाखवता येणार नाही पण बघाल तेव्हा तुम्हालाही कळेल. त्यानंतर 'फॉर युअर लाइफ', जे गाणं १९७६ च्या अल्बममध्ये होतं पण बँडने त्याआधी स्टेजवर पूर्ण कधीच वाजवलेलं नव्हतं. हे फार महत्त्वाचं आहे हां. नुसते हिट वाजवून पैसे घेऊन घरी जायचं असतं तर हे गाणं कोण घेतं? हार्डकोर फॅन्स सगळ्यात जास्त ओरडले असणार ते इथे.

प्लांटच्या आवाजाबद्दल लोक कुरकुर करतात. गाणी खालच्या पट्टीत घेतलीत, वरच्या किंकाळ्या नाहीत, १९७१ चा प्लांट कुठे वगैरे. अरे ५९ वर्षांचा माणूस आहे तो. मला तर उलट वाटतं. तरुण प्लांट गाण्याच्या अंगावर धावून जायचा, हा प्लांट गाण्याला वाट करून देतो. 'नो क्वार्टर'मध्ये जोन्सच्या कीबोर्डच्या मागून त्याचा आवाज येतो, त्यात आता वयाची एक खरखर आहे, तिच्यामुळे ते गाणं आणखी गार पडतं, धुकं आल्यासारखं. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'ला मामा मध्येच म्हणाला, "चूं चूं नाहीये." म्हणजे १९७० च्या मूळ रेकॉर्डमध्ये जॉन बोनहॅमच्या बेस ड्रमचं पेडल कुरकुरतं, ते ऐकू येतं, कोणी तेल घातलं नव्हतं. मामाने ती रेकॉर्ड एवढी ऐकलीय की पेडलची कुरकुर त्याच्यासाठी गाण्याचाच भाग आहे. मुलाचं पेडल कुरकुरत नाही. यावर कोणी काही बोललं नाही.

जोन्सबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. हा माणूस हातांनी कीबोर्ड वाजवतो आणि त्याच वेळी पायांनी पेडलवर बेस वाजवतो, आणि तोंडावर भाव असे की बसची वाट बघतोय. ज्याला १९९४ ला विसरले होते तो माणूस, आणि अख्खा शो त्याच्या खांद्यावर आहे. हेडफोन लावून फक्त बेसकडे लक्ष देऊन 'ट्रॅम्पल्ड अंडर फूट' आणि 'रॅम्बल ऑन' ऐका, मग बोलू.

आता न आवडलेलं. 'डेझ्ड अँड कन्फ्युज्ड'मध्ये पेज व्हायोलिनच्या बोने गिटार वाजवतो, भोवती हिरव्या लेझरचा पिरॅमिड. १९६९ ला ते बोने वाजवणं पाहून लोकांची शुद्ध हरपत असेल. आज तो भाग मला लांबलेला वाटतो आणि चहा टाकायला तीच वेळ बरी आहे. एडिटिंग काही ठिकाणी उगाच फास्ट, सोलो चालू असताना बोटं दाखवायची सोडून कॅमेरा भलतीकडे उड्या मारतो. आणि 'स्टेअरवे'. आता हे लिहिलं की शिव्या पडणार, पण या शोमधलं ते सगळ्यात कमी भिडणारं गाणं आहे. वाईट नाहीये, नीट वाजलंय, सोलो छान आहे, पण प्लांट ते गातो ते कर्तव्य म्हणून, आणि त्याचं त्या गाण्याशी फारसं पटत नाही हे जगजाहीर आहे. कौतुक याचं की गाणं संपल्यावर तो वर बघून अहमेतला हाक मारून सांगतो की बाबा, केलं एकदाचं. त्या एका वाक्यात त्याच्या आवाजात जे आहे ना ते आधीच्या आठ मिनिटांत नाही.

स्टेअरवेवर रडायचंच असेल तर त्याच गाण्याचा दुसरा व्हिडिओ बघा, २ डिसेंबर २०१२ चा, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरचा. तिथे हे तिघं वाजवत नाहीत, ते बाल्कनीत बसलेत सन्मान घ्यायला, शेजारी ओबामा. खाली स्टेजवर 'हार्ट' बँडच्या विल्सन बहिणी ते गाणं म्हणतात आणि ड्रमला परत जेसन. शेवटाकडे मागून कॉयर उलगडत जातो, आणि डोक्यावर गोल बाउलर हॅट, जॉन बोनहॅम घालायचा तशा. आणि प्लांट, ज्याला हे गाणं नकोसं झालेलं, त्याचे डोळे भरलेले दिसतात. स्वतः गाताना नाही आलं ते दुसऱ्याने गायल्यावर आलं. जगभरातले लोक त्या क्लिपवर स्वतःचे रडतानाचे व्हिडिओ टाकतात. मी टाकत नाही एवढंच.

तर 'काश्मीर'. इथे मात्र सगळे पत्ते बरोबर पडलेत. गाण्याआधी प्लांट म्हणतो की इथे पन्नास देशांतून लोक आलेत, आणि हा एक्कावन्नावा. हॉल जो काय गरजतो! गंमत म्हणजे प्लांटने हे लिहिलं ते मोरोक्कोच्या दक्षिणेला, वाळवंटातल्या न संपणाऱ्या रस्त्यावरून गाडी चालवताना, काश्मीर त्याने तेव्हा बघितलंही नव्हतं. भारताशी त्यांचा खरा संबंध आला तो आपल्या मुंबईत. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट इथे आले होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केली, सतार, तबला, सारंगी, व्हायोलिनं असा सगळा थाट. ती रेकॉर्डिंग चाळीसहून जास्त वर्षं पडून राहिली आणि अधिकृतपणे आली २०१५ ला, त्यांच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबात दोघांनी वाजवलं. त्या रात्री स्लिप डिस्कमध्ये हजर होतो असं सांगणारी माणसं मला आजवर एवढी भेटलीत की ती सगळी त्या क्लबात मावणं शक्यच नाही. मामा तेव्हा शाळेत होता आणि हे तो आजही रागाने सांगतो, जणू आजीने त्याला मुद्दाम उशिरा जन्माला घातला.

'काश्मीर'मध्ये ड्रम बघा. गिटार आणि कीबोर्ड तीनच्या हिशोबात फिरतात, ड्रम चारवर ठाम, दोघं लांब जाऊन परत भेटतात, त्यामुळे ते गाणं हत्ती चालल्यासारखं वाटतं. जॉन बोनहॅमचा हा ठेका जगात लाखो लोकांनी वाजवलाय, पण पेज, प्लांट आणि जोन्स तिघंही मागे वळून ड्रमकडे तोंड करून उभे राहतात, तसं त्या लाखोंपैकी कोणासमोर राहिले असतील? पूर्ण शोभर हेच आहे खरं तर. एवढं मोठं स्टेज, मागे भिंतीएवढा स्क्रीन, पळायला हवी तेवढी जागा, आणि हे सगळे ड्रमच्या भोवती एकमेकांना चिकटून उभे, तालमीच्या खोलीत असल्यासारखे. जेसनने काही जमवून दाखवलं की पेज हसतो. पेजचं ते हसू, दात दिसतात एवढं, ते मी दुसऱ्या कुठल्याही रिकॉर्डिंगमध्ये पाहिलं नाही. कोट कधीच गेलाय, शर्ट घामाने भिजलाय, गॉगल गायब, आणि परीक्षेला आलेला म्हातारा आता विशीतला वाटतोय.

मामाकडे 'द साँग रिमेन्स द सेम' ही १९७६ ची त्यांची फिल्म व्हिडिओ कॅसेटवर होती, त्यात छोटा जेसन बापाशेजारी बसून ड्रम बडवतो असा एक तुकडा आहे. तो तुकडा डोक्यात असलेल्या माणसाला ओ-टूमध्ये नुसता एक चांगला ड्रमर दिसत नाही. हे बायकोला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग हे आधी सांगायचं ना," आणि 'होल लॉट्टा लव्ह'पासून पुढे ती जास्त रडली. शेवटचं 'रॉक अँड रोल' तर सुरूच होतं एकट्या ड्रमवर, बाकी तिघं मुलाच्या इशाऱ्याची वाट बघतात. संपल्यावर जेसन त्या तिघांपुढे वाकून नमस्कार करतो. बघताना कोणी काही खात असेल तर हातातला घास तिथेच राहतो.

एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती मोठी आहे. पब्लिक दिसतच नाही फारसं. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ स्टेजवर. प्रेक्षकांत पॉल मॅकार्टनी होता, फू फायटर्सचा डेव्ह ग्रोल होता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पन्नास देशांतून सोडतीत नाव लागून आलेली साधी माणसं होती, नोकरीतून रजा काढून, विमानाचं भाडं कर्ज काढून भरलेली. त्यांचे चेहरे मला बघायचे होते. ऐकू येतात ते, फार सुंदर ऐकू येतात, 'ब्लॅक डॉग'मध्ये प्लांट गर्दीकडून ओ ओ म्हणवून घेतो तेव्हा सराउंडवर असाल तर मागच्या स्पीकरमधून अंगावर येतं. पण दिसत नाहीत. डायरेक्टरचा विचार असणार की बँडवरून नजर हलू द्यायची नाही, आणि त्यामुळे शोचा ताण टिकतो हे मान्य, तरीपण राव, दोन कोटींतून निवडून आलेल्या लोकांना दोन मिनिटं द्यायला हरकत नव्हती.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. टूर झाली नाही. प्लांट गायिका ॲलिसन क्राउससोबत वेगळ्या टूरवर गेला, बाकी तिघांनी दुसरे गायक घेऊन काही दिवस तालीम करून पाहिली, जमलं नाही, सोडून दिलं. फॅन्स प्लांटवर अजून चिडून आहेत, मामा तर फारच, पैशाचा एवढा ढीग समोर असून नाही म्हणणारा माणूस वेडा आहे असं त्याचं मत. मी प्लांटच्या बाजूने. ऐंशी शहरांत हाच शो झाला असता तर चाळिसाव्या शहरात पेजचं ते हसू राहिलं असतं का? 'फॉर युअर लाइफ' गळून तिथे एखादं सेफ गाणं आलं असतं, स्टेजवर चौघं चार कोपऱ्यांत गेले असते आणि जेसन पगारी ड्रमर झाला असता. मामाला हे पटत नाही. तो म्हणतो चाळिसाव्या शहरात निदान मी गेलो असतो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

या जुन्या शोच्या रेकॉर्डिंगला २०१४ मध्ये बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं, सहा-सात वर्षं जुनं वाजवणं, आणि स्पर्धेत सगळे नवे अल्बम. मिळायलाच हवं होतं.

आता घेण्याबद्दल. ब्ल्यू-रे प्लेअर हल्ली कोणाकडे नसतो पण डिस्कवाला प्लेस्टेशन असेल तर त्यावर चालते, मुलाचा गेम बंद करावा लागेल एवढंच. शक्य असेल तर डिलक्स घ्या, त्यात दोन सीडी आणि तालमीची डीव्हीडी येते. नुसतं ऐकायचं असेल तर सीडीचा सेट पुरेसा आहे, गाडीत मस्त वाजतो, पण पहिल्यांदा बघायलाच हवं, कारण अर्धी गोष्ट कोण कोणाकडे बघतंय यात आहे. साउंडबार वगैरे असेल तर मेनूत जाऊन सराउंड निवडा, साध्या ॲम्प्लिफायरला दोन चांगले स्पीकर असतील तर स्टिरिओच ठेवा, ड्रम जास्त घट्ट लागतात. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर कृपा करून लावू नका, बेस गायब होतो आणि मग जोन्सवर परत अन्याय. आवाज मोठा ठेवायला लागतो तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, किंवा सरळ बोलवा. बँड माहीत नसलेल्या माणसाला दाखवणार असाल तर जेसन कोण ते आधी सांगा, बाकी इतिहास नंतर.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क पब्लिक न दाखवल्याबद्दल कापला, व्हायोलिनच्या बोबद्दल कापणार होतो पण मामाने कापू दिला नाही.